हृदयाची लय आणि मनावरील ताण

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाप्रमाणे समान अंतराने पडतात, ही समजूत खरी नाही. श्वास घेताना ते किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. दोन ठोक्यांमधील अंतराचा हा चढउतार विश्रांतीच्या वेळी मुख्यतः व्हेगस मज्जातंतूमुळे घडतो. कामाचा ताण वा उद्वेग दीर्घकाळ टिकल्यास तो घटू शकतो. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल २' या अभ्यासाच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कामाचा ताण व ही घट यांचा संबंध आढळला. ताण व हृदयविकार यांचे नाते पन्नाशीच्या आतील कर्मचाऱ्यांत अधिक ठळक होते.

डॉ. रॉबर्ट क्लायगर व सहकाऱ्यांनी १९८७ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचे चोवीस तासांचे आलेख अभ्यासले. ज्यांच्या ठोक्यांतील अंतराचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० मिलिसेकंदांहून अधिक असणाऱ्यांच्या ५ पटींहून जास्त आढळला. अर्थात ही धोक्याची खूण आहे. तेच मृत्यूचे कारण, असे यावरून म्हणता येत नाही.

वयोमानानुसारही हा चढउतार कमी होतो. म्हणून कुटुंबीयांनी मनगटी घड्याळावरील एका दिवसाच्या आकड्याने घाबरून जाऊ नये. रुग्णाची झोप व मनःस्वास्थ्य यांकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. नाडी श्वासाशी मेळ न राखता सतत अनियमित लागत असल्यास ती निराळी बाब होय. तेव्हा विनाविलंब ईसीजी काढून घ्यावा.