घरातील श्रमांचे मोल



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तेथे पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल या जोडीच्या श्रमावर मिळते. व्यवहार मात्र बहुधा पुरुषाशीच होतो. स्त्री पहाटे भाकरी करते, पाणी भरते, दिवसभर फडात मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहते आणि कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. फडातील तिची मजुरी जोडीच्या हिशेबात विरून जाते. चुलीजवळचे श्रम तर हिशेबातच येत नाहीत.

ही स्थिती फडापुरती नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, देशात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती; घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. तरीही आपण सहज म्हणतो, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’

दिव्य कुरआनची दृष्टी वेगळी आहे. घटस्फोटित माता बाळाला दूध पाजत असेल, तर पित्याने तिला मोबदला द्यावा, असा आदेश सूरह तलाकमध्ये (६५:६) आहे. मातेच्या ममतेचे मोल करता येत नाही. तिच्या श्रमाचे मात्र करावे लागते, हा त्यातील बोध होय. स्त्रीने जे कमावले त्यात तिचा वाटा आहे, हे सूरह निसा (४:३२) स्पष्ट करते. पत्नीचा निर्वाहखर्च पतीवर बंधनकारक आहे. घरकामाबाबत मात्र फकीहांमध्ये मतभेद आहेत. शाफई व हंबली फकीहांच्या प्रचलित मतानुसार ते पत्नीवर बंधनकारक नाही. हनफी फकीह ते तिचे नैतिक कर्तव्य मानतात, परंतु त्याची न्यायालयीन सक्ती मान्य करीत नाहीत.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ होताच नमाजला जात. ही हदीस सहीह बुखारीत आहे. सुन्नतचे प्रेम वेशभूषेत दाखवणाऱ्यांनी ते स्वयंपाकघरातही दाखवावे.

म्हणून उचल घेताना पत्नीला रक्कम सांगा, तिचा वाटा तिच्या हाती द्या. थकलेला मेहर चुकता करा. पाण्याची एक घागर स्वतः उचला. मुकादमाच्या वहीत तिचे श्रम नसतील. अल्लाहकडे कोणाचेही श्रम वाया जात नाहीत, आणि तेथे हिशेब आपल्यालाही द्यावयाचा आहे.