चौपट केकचा हिशेब

चि. भाचीस, मु. सातपूर


तुझा प्रश्न कळला. कंपनीतल्या निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी चार किलोची ऑर्डर आली आहे, हात बसलेलं प्रमाण आठ इंची गोल डब्यातल्या एक किलोचं आहे, तर सगळं चारने गुणलं की झालं का? नाही झालं. मैदा, साखर, लोणी यांना चारने गुणता येतं, उष्णतेला नाही. म्हणून केक मोठा करताना एक गोष्ट हलू द्यायची नाही, ती म्हणजे डब्यातल्या बॅटरची उंची. वाढवायचं ते क्षेत्रफळ. बाकीचा सगळा हिशेब त्याच्या मागोमाग येतो.

याचं कारण तुझ्या घराजवळच्या औद्योगिक वसाहतीत कुणीही सांगेल. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत लोखंडाचा तुकडा किती वेळ ठेवायचा हे त्याच्या वजनावर ठरत नाही, जाडीवर ठरतं. इंचाला एक तास हा तिथला जुना ठोकताळा. केकमध्ये तर उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी सावकाश आत शिरते. शास्त्राच्या हिशेबाने जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. प्रत्यक्षात बाजूनेही उष्णता मिळते, त्यामुळे फरक थोडा कमी पडतो, पण पडतो. तेवढ्या वेळात कडा कोरड्या पडतात, वरचा पापुद्रा घट्ट होऊन फाटतो आणि मध्य ओलाच राहतो. बाहेर काढल्यावर तो मध्य खाली बसतो, आणि दोष बिचाऱ्या बेकिंग पावडरला मिळतो.

तू म्हणशील, लग्नातला आचारी पाचशे माणसांची भाजी करतो, तो कुठे क्षेत्रफळ मोजतो? खरं आहे. पण त्याच्या हातात उलथनं असतं. तळाची उष्णता तो ढवळून वर आणतो, चव बघतो, मीठ कमी पडलं तर घालतो. केक ओव्हनमध्ये गेला की ढवळता येत नाही आणि चाखताही येत नाही. पदार्थ शिजताना दुरुस्त करता येत असेल तरच गुणाकाराच्या भरवशावर राहावं. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: बेकऱ्या दहा-दहा किलोचे केक करतात, ते कसे? त्या पसरट ट्रेमध्ये पातळ थर भाजतात आणि नंतर एकावर एक रचतात. म्हणजे उंची त्यांनीही भट्टीत वाढवलेली नसते, टेबलावर वाढवलेली असते.

आता आकडे बघ. आठ इंची गोल डब्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. चौपट म्हणजे २००. एवढा गोल केक हवा तर डबा १६ इंची लागेल. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, हे शाळेत शिकूनही आपण डबा विकत घेताना हमखास विसरतो. त्याऐवजी दहा इंची चौकोनी डबा घे. त्याचं क्षेत्रफळ १००, म्हणजे तुझं प्रमाण बरोबर दुप्पट. असे दोन केक भाजून शेजारी शेजारी ठेवलेस की १० बाय २० इंचाचा सलग केक होतो, उंची तुझ्या एक किलोच्या केकएवढीच. तो निमंत्रितांना कापून वाटायलाही सोपा. उंची तीच असली तरी दहा इंची डब्याचा मध्य कडेपासून जरा लांब पडतो, म्हणून १८० अंशांऐवजी १६५च्या आसपास ठेव आणि वेळ घड्याळावर न ठरवता मध्यभागी सुई घालून ठरव.

फुगवणाऱ्या पदार्थांबाबत मात्र साधा दुप्पट गुणाकारही नको. अमेरिकन लेखिका रोझ लेव्ही बेरनबॉम यांच्या १९८८च्या ‘द केक बायबल’मध्ये मोठ्या डब्यांना बाकी घटकांच्या मानाने बेकिंग पावडर कमी घेण्याचा हिशेब दिलेला आहे. रुंद डब्यात मध्याला कडेचा आधार मिळत नाही आणि तो उशिरा घट्ट होतो. तोवर जास्त वायू झाला तर ढाचा पेलत नाही. दहा इंचाला अगदी किंचित हात राख, जास्त नको. अंडी मात्र फोडून, फेटून, वजनाने घे. दीडपट-पावणेदोनपट प्रमाणात अंड्याचा अपूर्णांक आला की तोच मार्ग उरतो. कपाने मैदा मोजणंही सोड. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या कपातला फरक एका कपाला खपून जातो, आठ कपांना नाही.

दोन वेळा भाजायचं म्हणजे वेळ आणि वीज दुप्पट, हा तुझा हिशेबी आक्षेप मला मान्य आहे. तो खर्च दरात धर. पण वेळ वाचवायला दोन्ही डब्यांचं बॅटर एकदम कालवू नकोस. बिनअंड्याच्या केकमधले दही आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटू लागतो, आणि पहिला डबा भाजेपर्यंत दुसऱ्यातला जोर निघून गेलेला असतो. कोरडे जिन्नस आधी तोलून दोन भांड्यांत ठेव, ओलं शेवटी. बेकिंग पावडरचा मोठा भाग उष्णतेने काम करतो, म्हणून बिनअंड्याच्या केकपेक्षा अंड्याच्या केकला थोडी सवलत मिळते, एवढंच.

दर ठरवताना आणखी एक लक्षात ठेव. केक चौपट झाला तरी बाहेरचं क्रीम चौपट लागत नाही. चार इंच उंची धरली तर आठ इंची गोल केकचा वरचा आणि बाजूचा भाग मिळून सुमारे १५० चौरस इंच भरतो, तुझ्या लांबट केकचा ४४०. म्हणजे तिपटीहूनही थोडं कमी. आतल्या थरांचं क्रीम मात्र पुरं चौपट. खाली पातळ पुठ्ठा चालणार नाही. २० इंच लांबीवर तो वाकला की जोड उघडा पडतो.

ऑर्डर देणाऱ्यांना लांबट आकार आजच विचार. गोलच हवा असा हट्ट असेल तर पैसे घेण्याआधी स्पष्ट नाही म्हण, कारण १६ इंची डबा तुझ्या ओटीजीच्या दारातून आत जाणार नाही.

तुझा मामा