महामारी आणि शहरालगतचा कुक्कुटपालक

नागपूर-छिंदवाडा मार्गावरील रामाकोन्यासारख्या गावांतील कुक्कुटपालकांना २०२० सालापासून घेण्याजोगा बोध आहे. कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो, ही अफवा त्या वर्षाच्या आरंभी पसरली. ती निराधार होती; तरीही मागणी कोसळली. मांसल कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होते. त्यापुढे ती सांभाळल्यास खाद्याचा खर्च वाढतो, वजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी उत्पादनखर्चाहून कमी भावाने पक्षी विकावे लागले. २५ मार्चपासूनच्या टाळेबंदीत उपाहारगृहे बंद झाली व वाहतूक अडखळली. पुढे भाव सुधारले, तेव्हा अनेकांचे गोठे रिकामे होते.

म्हणून प्रत्येक तुकडीचा हिशेब लिहावा, पुढील तुकडीपुरती शिल्लक राखावी आणि अफवेचे निरसन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून ग्रामसभेत करवून घ्यावे.