वाळा

उन्हाळा लागला म्हणजे माठांत टाकण्याकरितां बाजारांतून जी सुवासिक जुडी आपण आणतों, ती एका बहुवर्षायु गवताच्या मुळांची असते, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तें गवत उभें वाढलेलें फारच थोड्यांनीं पाहिलें असेल.

संस्कृत ग्रंथांतील उशीर तो हाच. कुळानें तो ज्वारीचा व उंसाचा आप्त होय. त्याचें ठोंब पुरुषभर उंच वाढतें, पातीं अरुंद व ताठ असतात, आणि वर जांभळट तुरे येतात. बागेच्या कडेस त्याची रांग शोभते खरी. तथापि त्याचा मुख्य गुण डोळ्यांस दिसत नाहीं. मुळें फारशीं आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात व चांगल्या जमिनींत दहा फुटांपर्यंत उतरतात. त्यामुळें शेजारच्या पिकाच्या तोंडचा घास तीं फारसा हिरावीत नाहींत.

आतां उताराच्या शेताचा विचार करूं. पाणी वेगानें धांवूं लागलें म्हणजे माती सोबत नेतें. समपातळीवर वाळ्याची दाट रांग असेल, तर पाणी मंदावतें, पात्यांच्या चाळणींतून पुढें जातें, आणि गाळ मात्र मागें राहतो. वर्षानुवर्षें गाळ सांचून तेथें आपोआप पायरी बनते व वाळाहि तिजबरोबर वर चढतो. दगडी बांधास हें कोठून साधणार? कर्नाटकांत गुंडलुपेटकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. फिजी बेटांत १९५० नंतर उंसाच्या उतारांवर तो लाविला गेला, आणि १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळानें त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

दक्षिणेकडील लागवडीच्या जातीस रुजणारें बीं बहुधा धरत नाहीं. म्हणून ती तणाप्रमाणें माजत नाहीं. ठोंब फोडून त्याचे फुटवे पावसाच्या आरंभीं चार ते सहा इंचांवर लावावे. ऊन मात्र भरपूर हवें. सावलींत तो खुरटतो.

येथें एक अडचण आहे. तमिळ भाषेंत ह्यास वेट्टिवेर, म्हणजे खणून काढलेलें मूळ, म्हणतात. सुवास हवा तर खणणें आलेंच. आणि उतारावर खणलें कीं भुसभुशीत झालेली माती पहिल्याच मोठ्या पावसांत वाहून जाते. यास्तव पालकांस आमची सूचना ही, कीं बांधावरील वाळ्याच्या मुळांस हात लावूं नये. माठापुरता वाळा सपाट जागीं, निराळ्या वाफ्यांत लावावा. बांधावरचीं पातीं मधून मधून कापावीं. कोंवळीं गुरें खातात, जून झालेलीं छपरास येतात.