आपला बीड जिल्हा : घाट, गंगथडी आणि पाणी

भूगोलाच्या तासाला आम्ही एकदा वर्गास प्रश्न केला, "तुमच्या गावच्या ओढ्याचे पाणी शेवटी कोठे जाते?" नाईल नदी कोणत्या समुद्रास मिळते हे ज्यांनी चटकन सांगितले, त्यांपैकी बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सबब आज जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन आपण आपल्याच भूमीची ओळख करून घेऊ.

आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर असून त्यात ११ तालुके आहेत. उत्तरेची सीमा गोदावरीने आखली आहे. दक्षिणेस मांजरा व पश्चिमेस सीना यांनी काही अंतर सीमेचे काम केले आहे. मधून बालाघाटाची डोंगररांग पूर्वपश्चिम पसरली आहे. या रांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. गेवराई, माजलगाव हा गोदाकाठचा सखल प्रदेश म्हणजे गंगथडी. पाटोदा, धारूर, केज, अंबाजोगाई या बाजूचा उंच प्रदेश म्हणजे घाट.

आता पाण्याची वाट पाहू. सिंदफणा पाटोद्याकडील डोंगरात उगम पावते, बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरेला पोटात घेते आणि मंजरथ येथे गोदावरीस मिळते. मांजराही पाटोद्याकडेच उगम पावते. परंतु ती पूर्वेकडे दूरचा फेरा घेऊन मग गोदावरीस भेटते. याउलट सौताड्याच्या धबधब्यावरून उडी घेणारी विंचरणा सीनेस, सीना भीमेस आणि भीमा कृष्णेस मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाच्या अशा दोन वाटा होतात. अखेर दोन्ही बंगालच्या उपसागरासच पोहोचतात.

परंतु मुळात हा पाऊसच थोडा. सह्याद्री मेघांचे बहुतेक पाणी आधीच काढून घेतो व आपण त्याच्या पर्जन्यछायेत राहतो. त्यातून खाली काळा कठीण खडक. त्यात पाणी फारसे मुरत नाही. गंगथडीस काळी कसदार जमीन व जायकवाडी आणि माजलगाव येथील धरणांचे पाणी आहे, म्हणून तेथे ऊस व कापूस होतो. घाटावर माती उथळ; तेथे बाजरी, ज्वारी, तूर आणि डोंगरउतारावरील सीताफळे.

पूर्वीच्या लोकांनी पाण्याचा विचार केला नव्हता असे मात्र नव्हे. बीडजवळील खजाना विहीर सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सलाबतखानाने बांधविली. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते व तिसऱ्यातून शेतांकडे जाते. न पंप, न मोट. केवळ जमिनीच्या उताराचा हा उपयोग होय.

राज्यव्यवस्थाही अनेक वेळा बदलली. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईस तेव्हा मोमिनाबाद म्हणत. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९६२ साली जिल्हा परिषद व पंचायत समित्या स्थापन झाल्या आणि शाळा, आरोग्यकेंद्रे, लहान तलाव यांचा पुष्कळसा कारभार लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे आला.

भूगोल पुस्तकात राहत नाही; तो माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतो. घाटावर खरीप संपला की काम संपते. मग दसरादिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फेडण्यास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नींच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि वर्गातील बाके रिकामी होतात. हजेरी घेताना त्या नावांशी आम्ही क्षणभर थांबतो. ते मूल आळशी नसते. त्याच्या गैरहजेरीचे मूळ बालाघाटाच्या उथळ मातीत असते.

म्हणून पालकांस आमची हात जोडून विनंती आहे : जाणे अटळ असेल तर जावे, परंतु मुलास आजीआजोबांपाशी अथवा हंगामी वसतिगृहात ठेवावे. वर्षातील निम्मी शाळा चुकली की पुढे बहुधा सगळीच सुटते.

आणि विद्यार्थ्यांनो, सुटीत एवढे करा. आपल्या ओढ्याच्या काठाने चालत जा, तो कोणत्या नदीस मिळतो ते पाहा, गावच्या विहिरीत कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते ते वहीत लिहून आणा. जो आपल्या गावचे पाणी ओळखतो, तोच उद्या ते अडविण्याचा मार्ग शोधील.