पुनरुत्थान : पुरावा आणि आक्षेप

येशूच्या पुनरुत्थानाचा अभ्यास करताना ‘श्रद्धा किती जुनी?’ आणि ‘घटना घडली का?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

पुरावा : पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. ५५ च्या सुमारास, क्रूसावरील मृत्यूनंतर सुमारे २५ वर्षांनी) केफा, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी साक्षीदारांची यादी येते. हे कथन आपणांस परंपरेने लाभले, असे पौल सांगतो. म्हणजे त्याचा गाभा पत्राहून जुना आहे.

आक्षेप : तेथे रिकाम्या कबरेचा उल्लेख नाही. शिवाय ‘दिसला’ या अर्थाचे मूळ ग्रीक क्रियापद प्रत्यक्ष भेट व दृष्टान्त या दोहोंसाठी वापरले जाते.

भाषिक पुरावा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्याचे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : रिकाम्या कबरेचा अनुल्लेख हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो का? सकारण लिहा.