पाचवे शील आणि एका रात्रीचे पिणे



दर रविवारी आपण विहारात पंचशील ग्रहण करतो. आमच्या वस्तीतला एक तरुण मला म्हणाला, "गुरुजी, पाचवे शील बेवड्यांसाठी आहे. मी काही रोज पीत नाही. हळदीला, थर्टीफर्स्टला मित्र बसले तरच." तो खोटे बोलत नव्हता. महिनोन्‌महिने तो दारूला शिवत नाही. परंतु मागच्या उन्हाळ्यात मित्राच्या हळदीला त्याने पैजेवर तासाभरात दोन क्वार्टर रिचवल्या. मध्यरात्री तो मांडवामागे बेशुद्ध सापडला. बरोबरची पोरे घरच्यांच्या भीतीने पळाली होती. एका आजीने आरडाओरडा करून माणसे उठवली, म्हणून तो वाचला. आजचा पाठ त्याच्यासाठी व त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. सुरा म्हणजे धान्याच्या पिठापासून केलेली दारू, मेरय म्हणजे फुलाफळांपासून केलेली, आणि मज्ज म्हणजे मद आणणारे पेय. तथागतांनी या सर्वांना 'पमादट्ठान' म्हटले आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, ठान म्हणजे त्याची जागा. मग माणूस रोज पितो की वर्षातून दोनदा, याने शीलाचा अर्थ बदलत नाही. ज्या घटकेला सावधपणा सुटला, त्याच घटकेला शील मोडले.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याने एका भयंकर नागाला नमवले, अशी त्याची ख्याती होती. चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. तो सामर्थ्यवान होता एवढेच घेऊ. तो कोसंबी नगरीत भिक्षेला आला, तेव्हा उपासकांनी कौतुकाने घरोघरी मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी तो प्याला आणि वेशीत कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून आणले, तर तो भगवंतांकडेच पाय करून पडला. भगवंत त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी भिक्खूंना विचारले, पूर्वी हा आदराने वागत होता ना? आता वागतो आहे काय? नागाला नमवणारा हा, आज पाण्यातल्या दिवड सापाला तरी आवरील काय? त्यानंतर भिक्खूंना मद्य वर्ज्य झाले.

सागत रोजचा दारुडा नव्हता. त्याला पाजणारे शत्रूही नव्हते. ते त्याचे चाहते होते. आपल्या मुलांना पाजणारेही मित्रच असतात.

आता थोडे गणित करू. 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. एका बैठकीत इतके पिणे म्हणजे धोक्याचे अतिपान, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. आपले यकृत तासाला सुमारे 7 ते 10 ग्रॅमच निकामी करू शकते. म्हणजे दोन क्वार्टर उतरायला बारा तासांहून अधिक लागतात. माणूस बेशुद्ध पडल्यावरही पोटातली दारू रक्तात चढत राहते. श्वास मंदावतो, ओकारी श्वासनलिकेत जाते. "झोपला आहे, उतरेल सकाळी" म्हणून सोडलेला मुलगा सकाळी उठेलच असे नाही.

म्हणून घरोघरी पुढील गोष्टी कराव्यात:

1. बेशुद्ध मुलाला एकटे सोडू नये. त्याला कुशीवर वळवावे. लिंबू, ताक, कॉफी पाजू नये, मुद्दाम ओकारी काढू नये, अंगावर थंड पाणी ओतू नये. ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

2. मुलांना आधीच सांगावे, "रात्री कितीही वाजता हाक मार. आधी जीव, बोलणी नंतर." माराच्या भीतीने पोरे पळतात आणि मित्र मरतो.

3. बौद्ध विवाहविधीला हळदीची गरज नाही. हौस म्हणून केलीच, तर जेवण व भीमगीते ठेवावीत, आणि वडीलधाऱ्यांनी शेवटपर्यंत मांडवात थांबावे. रात्री बाटली आणि सकाळी त्याच मांडवात पंचशील, हे शोभत नाही.

4. वडिलांनी प्रथम स्वतःची बाटली सोडावी.

दीक्षेपूर्वी आपल्या घरांत जत्रेला, देवकार्याला दारू लागत असे. देव गेले; बाटली मात्र काही मांडवांत राहिली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती याच घरांसाठी. माझ्या वडिलांनी दीक्षेनंतर बाटली सोडली. त्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली गेली. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.

घरात चर्चेसाठी प्रश्न:
1. सागताला पाजणाऱ्यांची चूक कोणती?
2. मित्राने आग्रह केला, तर मैत्री न तोडता नकार कसा द्यावा?
3. आपल्या घरच्या पुढच्या लग्नात आदल्या रात्री काय करायचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना बरोबर बसवूनच ठरवावे.

जय भीम!